ध्यानात राहत नसेल, तर डोळ्यांपुढं ठेवा

तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उलटा, मग निवांत ऐका.

आज आम्ही व्यवसायोपचाराबद्दल बोलणार आहोत. हा शब्द गटाच्या बैठकीत काढला की बायका लगेच विचारतात, "कर्ज किती मिळतंय अन् व्याज किती?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडं व्यवसाय म्हणजे शेळ्या, पापड, शिलाई मशीन नाहीतर किराणा दुकान. पण या शब्दातला व्यवसाय जरा मोठा आहे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो, ती सगळी कामं त्यात आली. अंघोळ, स्वयंपाक, लेकराची शाळा, शेतातली खुरपणी, दुकानातला हिशोब आणि रात्रीची वेळेवर झोपसुद्धा. आजारामुळं, अपघातामुळं किंवा मेंदूच्या ठेवणीमुळं ही रोजची कामं अडायला लागली, तर ती जमावीत म्हणून जी मदत करतात, ती व्यवसायोपचार. इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. ही मदत करणारे ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

आपल्या राज्याचं या विद्येशी जुनं नातं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्यातही त्याच पुढं होत्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

लकवा झालेल्या माणसाला पुन्हा हातानं घास घेता यावा, अशक्त लेकराला पेन्सिल धरता यावी, यासाठी थेरपिस्ट लागतात, हे काही जणींना माहीत असेल. आज आपण बघणार आहोत एका निराळ्या अडचणीसाठी त्यांची मदत. ती अडचण डोळ्यांना दिसत नाही. तिचं नाव एडीएचडी.

एडीएचडी म्हटलं की वर्गात एका जागी न बसणारं, सारखं उड्या मारणारं पोरगं डोळ्यांपुढं येतं. पण ते पोरगं मोठं होतं. त्याचं लग्न होतं, तो कामाला लागतो. उड्या कमी होतात. लक्ष न टिकणं, विसरणं, वेळेचा अंदाज न येणं हे पुष्कळांच्या बाबतीत तसंच राहतं. मोठ्या माणसांमध्ये शंभरात साधारण दोन-तीन जणांना हा त्रास असतो असा जगभरातला अंदाज आहे. म्हणजे आपल्या गावातसुद्धा अशी माणसं असणार. त्यांना नाव मात्र दुसरंच पडलेलं असतं: वेंधळी, आळशी, भुलक्कड, बेजबाबदार.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी झाकलेलं राहतं. पुष्कळ मुली उड्या मारत नाहीत. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसतात. मास्तरांना त्रास नाही, म्हणून तक्रारही नाही. काही जणी हुशारीवर निभावून नेतात. लातूरला क्लासला असलेल्या पोरीचा दिवस कुणीतरी आखून दिलेला असतो. उठायचं कधी, टेस्ट कधी, जेवण कधी, सगळं ठरलेलं. ते वेळापत्रक सुटलं, लग्न होऊन घर अंगावर पडलं की सगळं विस्कटतं. मग सासरची माणसं म्हणतात, "शिकलेली आहे म्हणे, मग हिला एवढं कामून जमत नाही?"

यात लक्ष अजिबात नसतं असं मात्र नाही. लक्ष हवं तिथं, हवं तेव्हा वळवता येत नाही, ही खरी अडचण. आवडीची रांगोळी काढायला बसली तर चार तास मान वर करणार नाही. लाइटबिल भरायचं मात्र तीन आठवडे राहून जातं. घरचे म्हणतात, "मनात आलं की सगळं जमतं हिला!" मनात यायचं बटन तिच्या हातात नसतं, हे त्यांना कोण सांगणार? अशा माणसाला वेळेचे दोनच भाग कळतात, एक 'आत्ता' आणि दुसरा 'नंतर'. हप्ता पंधरा तारखेला आहे, म्हणजे तो 'नंतर'मध्ये गेला. पंधरा तारीख उजाडली की एकदम धावपळ.

आता आपल्या घरातलं एक गणित बघा. आपल्याकडं घराचं ध्यान कोण ठेवतं? बाळाची लस, सासूबाईंची बीपीची गोळी, गॅसचा नंबर, शाळेची मीटिंग, आधारकार्ड कुठं ठेवलंय, पाहुण्यांकडची तिथी, सगळं बाईच्या डोक्यात. घरातला पुरुष विसराळू असला तर बायको त्याची आठवण होते. डबा हातात देते, रुमाल देते, "आज बँकेत जायचंय बरं का" म्हणते. बाईच विसराळू असली तर तिची आठवण कोण होणार? तिला बोलणीच बसतात. दूध उतू गेलं म्हणून मार खाणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वर्षानुवर्षं हे ऐकून तिलाही वाटायला लागतं की आपण कामाच्याच नाही. उदासपणा, घोर, झोप उडणं हे मग मागोमाग येतं.

थेरपिस्ट इथं काय करतात? त्यांचं मुख्य सूत्र सोपं आहे. डोक्यात राहत नसेल ते डोक्याबाहेर ठेवायचं, आणि जिथं काम अडतं तिथंच ठेवायचं. "लक्षात ठेव" असं शंभरदा सांगून लक्षात राहत नाही. घराची, कामाच्या जागेची आणि दिवसाची मांडणी बदलली की काम पुढं सरकतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरला क्लासच्या मुलांना जेवणाचे डबे पुरवणारी एक ताई आहे. हाताला चव आहे, मुलं खूश आहेत. पण रोज दोन-तीन डब्यांचा घोळ होतो आणि महिनाअखेरीला पैसे कमी भरतात. थेरपिस्टकडं गेली तर त्या आधी तिचा दिवस विचारतील. सकाळी उठल्यापासून काय काय होतं आणि कुठं अडतं? मग तिलाच विचारतील, यातली कोणती दोन-तीन कामं तुम्हाला सुधारायची आहेत? दहापैकी किती जमतात, आणि त्यावर तुमचं समाधान दहापैकी किती? काही आठवड्यांनी हेच आकडे पुन्हा विचारायचे म्हणजे फरक पडला की नाही ते कळतं. सुधारायचं काय, हे सासू ठरवत नाही, नवरा ठरवत नाही, थेरपिस्टही ठरवत नाहीत. ते ती ताई ठरवते.

मग ते काम सुटं करून बघायचं. भाजी निवडणं, पोळ्या, डबे भरणं, डबे पोचवणं यात काहीच अडत नाही. अडतं ते रात्री. एखादा मुलगा फोन करतो, "काकू, उद्या गावाकडं चाललो, डबा नको." ती "हो बाळा" म्हणते, फोन ठेवते, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. झालं, गेलं ते डोक्यातून. म्हणजे सगळा धंदा बिघडलेला नाही. बिघाड त्या अर्ध्या मिनिटात आहे.

उपाय त्या अर्ध्या मिनिटावरच करायचा. डब्यांना नंबर टाकायचे. डबे एका फळीवर ओळीनं मांडायचे. फोन आला की बोलता बोलताच फळीपाशी जायचं आणि त्या नंबरचा डबा उपडा ठेवायचा. सकाळी उपडा डबा दिसला की भरायचा नाही. वही शोधायला नको, आठवायलाही नको. पैशाचंही तसंच. दारामागं एक फळा, त्यावर नंबर, ज्याचे पैसे आले त्याच्यापुढं खूण. वही कपाटात गेली की ती नसल्यासारखीच, फळा येता-जाता दिसतो.

वेळेचंही असंच करायचं. वेळ दिसेल आणि ऐकू येईल अशी ठेवायची. काटे असलेलं मोठं घड्याळ ओट्यासमोर लावलं की वेळ किती सरली आणि किती उरली ते डोळ्यांना कळतं. मोबाइलवर गजर लावायचा तो दोनदा, एक तयारीला लागण्याचा आणि एक निघण्याचा. फक्त निघण्याचा गजर लावला तर तो वाजतो तेव्हा केस ओलेच असतात.

काम सुरूच होत नसेल तर त्याचा पहिला घास लहान करायचा. "आज घर आवरायचं" म्हटलं की हातपाय गळतात. "पलंगावरच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या" म्हटलं की हात चालतो. कुणी नुसतं जवळ बसलं तरी काम होतं. शेजारीण शेंगा फोडत बसली आणि आपण हिशोब लिहिला, तर तो पुरा होतो. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या शेवया, पापड, कुरडया एकत्र बसूनच करत आल्या की. त्या बसण्यात केवढा आधार असतो, ते थेरपिस्टही जाणतात.

घरात जिवाला धोका होईल अशा गोष्टी आधी धरायच्या. गॅसवर दूध असेल तर ओट्यापासून हलायचं नाही. हलायचंच असेल तर गॅस बंद करून. शिट्टी वाजवणारं दुधाचं भांडं बाजारात मिळतं, ते घेतलं तर आणखी बरं. गोळ्यांसाठी वारांचे सात खण असलेली डबी घ्यावी. आजची गोळी घेतली का, हे खण बघून कळतं. किल्ली, पासबुक, आधारकार्ड यांना एकच खिळा, एकच पिशवी, आणि ती दाराजवळ.

आता कामाच्या ठिकाणचं बघू. समजा, नांदेडच्या नव्या मोंढ्यात एक भाऊ अडत दुकानात हिशोबाच्या पट्ट्या लिहितात. एका बाजूला हमाल वजन ओरडतोय, दुसरीकडं शेतकरी भाव विचारतोय, त्यात मोबाइल वाजतोय. आकडा चुकतो. मालक चिडतात. तीन दुकानं सोडून झाली. घरात बायको म्हणते, "तुमचं कुठंच कसं टिकत नाही?"

अशा भावाला थेरपिस्ट सांगतील की टेबल दारातून उचलून भिंतीकडं करता येतं का बघा. पट्टी लिहिताना मोबाइल गल्ल्यात ठेवा. हमालानं वजन सांगितलं की आपण तोच आकडा मोठ्यानं म्हणून मग लिहा. एक पट्टी पुरी केल्याशिवाय दुसरी उघडू नका. मालकांनी तोंडी सांगितलेली कामं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी समोर टोचून ठेवा. दोन तासांनी पाच मिनिटं उठून फिरून या.

मालकांशी बोलायचं कसं? आजाराचं नाव सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कामाच्या भाषेत बोललं तर ऐकलं जातं. "मालक, टेबल तिकडं घेतलं तर पट्ट्या चुकणार नाहीत, महिनाभर बघू," एवढं बस झालं. यात कायद्याची मदत किती, तेही समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता दिली आहे. त्यात स्वमग्नता आहे, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता आहे, पण एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. म्हणून नुसत्या या कारणावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल, असं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. टेबल हलवायला मात्र प्रमाणपत्र लागत नाही.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटाकडं येऊ. अमेरिकेतल्या सुझान व्हाइट या थेरपिस्टनी सहकाऱ्यांसोबत 'लेट्स गेट ऑर्गनाइज्ड' नावाचा एक कार्यक्रम तयार केला. वेळ सांभाळायला अडचण येणाऱ्या मोठ्या माणसांचा गट करायचा, आठवड्यातून एक अशा दहा बैठका घ्यायच्या, आणि नोंदवही वापरण्यापासून एकेक सवय लावायची. स्वीडनमध्ये थेरपिस्टांनी तो एडीएचडी असलेल्यांबरोबर वापरून पाहिला. बैठका केलेल्यांना वेळ आखणं जास्त जमायला लागल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आपली पंचसूत्री आठवली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नोंदी. एकटीनं घरी बसून दर महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकणं किती जणींना जमलं असतं? बैठकीचा दिवस आहे, दहा जणी वाट बघतात, वहीत नाव लिहिलंय, म्हणून जमतं. आपल्या सगळ्यांचीच आठवण आणि शिस्त गटानं डोक्याबाहेर, वहीत आणि बैठकीत ठेवली आहे. जिला एडीएचडी आहे, तिला हाच आधार थोडा जास्त लागतो.

आणि इथंच गटाची परीक्षा असते. एखादी सदस्य सारखी उशिरा येते, हप्ता चुकवते, पासबुक आणत नाही. दोन-तीनदा दंड झाला की कुणीतरी म्हणतं, "काढून टाका हिला, हिच्यामुळं बँकेत गटाचं नाव खराब होईल." काळजी खरी आहे, कर्ज सगळ्यांच्या नावावर असतं. पण काढण्याआधी एक तपासा. पैसे असूनही ती बुडवते, की पैसे असून विसरते? जी बुडवते तिच्यासाठी नियम आहेत. जी विसरते तिला काढून टाकलं, तर तिचा एकुलता एक आधार आपण काढून घेतला.

मग काय करायचं? नियम सैल करायचा नाही, नियमापर्यंत पोचायची वाट सोपी करायची. बैठकीचा वार, वेळ आणि जागा बदलायची नाही. तिला एक सोबतीण द्यायची, जी आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी फोन करेल आणि जाताना तिला घेऊन जाईल. हप्ता बैठकीच्या दिवशी काढायला न सांगता, डेअरीचा किंवा मजुरीचा पैसा हातात येतो त्याच दिवशी सोबतिणीकडं किंवा सचिवाकडं द्यायला सांगायचा, आणि लगेच वहीत सही घ्यायची. पासबुक गटाच्या पिशवीतच राहू द्यायचं. तिला काम द्यायचं ते तिच्या हातखंड्याचं. ती बोलायला पटाईत असेल तर तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभी करा. रोकडवहीचं काम दुसरीला द्या.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. "हिला एडीएचडी आहे" असं आपण म्हणायचं नाही. ते डॉक्टरांचं काम. विसरण्याला कारणं पुष्कळ असतात. अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, झोप होत नसेल, उदासपणाचा आजार असेल, पाळी जायचं वय असेल, तरी असंच होतं. एडीएचडीची लक्षणं लहानपणापासून असतात. बारा वर्षांच्या आतच त्यातली काही दिसलेली असावी लागतात. ती एकाच ठिकाणी नाही, घरी आणि कामावर दोन्हीकडं दिसतात. गेल्या वर्षीपासूनच विसरायला लागलं असेल तर दुसरं कारण शोधायला हवं.

दाखवायचं कुठं? नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, इथल्या मानसोपचार विभागात जाता येतं. शासनाच्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असे विचार कुणाच्या मनात येत असतील तर आजच हा नंबर लावा, तिला एकटी सोडू नका.

जाताना शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक असेल तर न्या. आई, मोठी बहीण असं लहानपण पाहिलेलं कुणी सोबत असेल तर उत्तम. आणि पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहा, आज काय अडलं आणि कुठं अडलं. गोळ्या लागतील की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. गोळीनं लक्ष धरायला मदत होते, पण किल्ली खिळ्याला अडकवायची सवय गोळी लावत नाही. त्यासाठी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "ऑक्युपेशनल थेरपिस्टकडं पाठवता का?" आपल्याकडं मोठ्या माणसांबरोबर हे काम करणारे थेरपिस्ट पटकन सापडतीलच असं नाही, मुंबई-पुणे-नागपूरकडं जास्त आहेत. काहींशी फोनवरून, व्हिडिओवरूनही बोलता येतं. पैसे भरण्याआधी त्यांची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं नोंदणी आहे का, ते विचारून घ्या.

तोवर एक काम घरी करता येईल. या आठवड्यात तुमचं सारखं अडणारं एकच काम निवडा. दहा नको, एकच. ते नेमकं कोणत्या क्षणी अडतं ते बघा, आणि त्याच जागी काहीतरी ठेवा. खिळा, फळा, गजर, उपडा डबा, नाहीतर जवळ बसणारी मैत्रीण. आठ दिवसांनी दहापैकी किती जमलं ते स्वतःलाच विचारा. चार जमलं तर चार लिहा. आणि घरात कुणी आज पुन्हा काही विसरलं, तर "तुला कळत कसं नाही?" या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न विचारून बघा: "नेमकं कुठं अडलं?"